'स्टेशनरी' दर वेळी का चुकते? आठव्या अक्षराचा घोळ मुळापासून सोडवू

जून जवळ आला की आमच्या डीटीपीच्या दुकानात एक शब्द रोज येतो. शाळा सुरू व्हायच्या असतात. कुणी नवं दुकान टाकतं, कुणी जुना फ्लेक्स बदलतं, शाळांच्या ऑफिसातून कोटेशन मागवायची पत्रं टाइप करायला येतात. तो शब्द म्हणजे स्टेशनरी. मराठीत असला तर काही अडचण नाही. इंग्रजीत असला की मी हातातलं काम थांबवून तो अक्षर अक्षर वाचतो, कारण आलेल्या मॅटरमध्ये तो बरोबर असण्यापेक्षा चुकलेलाच जास्त वेळा सापडतो.

इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्या सात अक्षरांत काहीच फरक नाही: एस, टी, ए, टी, आय, ओ, एन. म्हणजे आपलं रेल्वेचं स्टेशन. फरक आठव्या अक्षरात आहे. तिथं ई असेल तर अर्थ वह्या, पेनं, कागद, पाकिटं, फायली. सरकारी मराठीत लेखनसामग्री. तिथं ए असेल तर अर्थ स्थिर, एका जागी उभा, न हलणारा. शेवटी दोन्हीकडे आर आणि वाय. दुकानाच्या पाटीवर, बिलबुकावर, शाळेच्या खरेदीच्या पत्रावर हवी असते ती ई-वाली, आणि येते ती बहुतेक वेळा ए-वाली.

दोन वर्षांपूर्वी एका काकांनी निवृत्तीच्या पैशातून दुकान टाकलं. बोर्ड हौसेनं करून घेतला: एसीपी शीट, त्यावर उठावाची ॲक्रिलिक अक्षरं, वर मराठी, खाली इंग्रजी. मॅटर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं. मी प्रूफ काढलं, त्यांनी सही केली, बोर्ड चढला. आठ दिवसांनी काका परत आले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "अहो, माझी नात सातवीत आहे. ती म्हणते, आबा, तुमच्या दुकानावर 'न हलणारं' असं लिहिलंय." मी त्यांनी दिलेला कागद काढून पाहिला. मॅटरमध्ये ए होता हे खरं, पण प्रूफ माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं. बोर्ड माझ्या खर्चानं दुरुस्त करून दिला आणि त्या दिवसापासून ही चूक येते कुठून, हे शोधायला लागलो. तेव्हापासून जे हाती लागलं ते इथं लिहितो.

चूक पकडली का जात नाही

सगळ्यात मोठं कारण म्हणजे कान इथं काहीच मदत करत नाही. दोन्ही शब्दांचा उच्चार एकच आहे. आपण चुकीचा उच्चार करतो म्हणून तो एक वाटतो असं नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्या तोंडीही दोन्ही सारखेच ऐकू येतात, आणि तेही ही चूक करतात. त्यामुळं इंग्रजी कच्चं असल्याची लाज वाटून घेण्याचं काही कारण नाही.

आपल्याकडं त्यात देवनागरीची भर पडते. स्टेशनरी हा शब्द आपण लहानपणापासून मराठीत वाचतो. त्यात 'न' आणि 'री' यांच्या मध्ये कुठलीच मात्रा नाही. इंग्रजीत जिथं ए का ई हा प्रश्न आहे, नेमकी तीच जागा मराठीत रिकामी आहे. मग इंग्रजीत लिहिताना हात ती जागा स्वतःच्या अंदाजानं भरतो. मोकळ्या 'न' साठी आपण मोबाइलवर एन आणि ए दाबतो, तीच सवय इथंही ए आणून बसवते असं मला वाटतं.

आणि तिसरं कारण, ज्यावर सगळे विसंबतात ती लाल रेघ. ती येत नाही, आणि येणारही नाही. स्पेलिंग तपासणारी यंत्रणा शब्द अस्तित्वात आहे का एवढंच बघते. दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळं तिच्या लेखी दोन्ही बरोबर. नव्या प्रोग्रामांत वाक्याच्या संदर्भावरून कधीकधी निळी रेघ येते, पण दुकानाच्या पाटीवर वाक्य कुठं असतं? दोन-तीन सुटे शब्द असतात. आमच्याकडं तर फाइल छपाईला जाण्याआधी अक्षरांचं रूपांतर कर्व्हमध्ये होतं. त्यानंतर ती अक्षरं राहत नाहीत, आकृत्या होतात. तिथं तपासणार कोण?

एकदा बाजारपेठेत चार पाट्यांवर ए-वाली चढली की पाचवा माणूस त्या पाट्या पाहूनच लिहितो. चूक अशी पसरते.

शब्दात एक माणूस लपलाय

आता इलाजाकडं. 'पाकिटाचा, म्हणजे एन्व्हलपचा ई' असं पाठ करून मुलांना थोडा वेळ जमतं, मग परीक्षेत पुन्हा गोंधळ होतो. माझा गोंधळ कायमचा मिटला तो या शब्दाची गोष्ट कळल्यावर.

मध्ययुगीन युरोपात गावोगाव हिंडून माल विकणारे फेरीवाले खूप असत. पुस्तकं विकणारा मात्र हिंडत नसे. पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड अशा विद्यापीठांच्या गावांत तो एका ठरलेल्या जागी दुकान मांडून बसे. जागा धरून बसणारा, म्हणून त्याला लॅटिनमध्ये स्टॅशिओनारिअस म्हणू लागले. इंग्रजीत त्याचा झाला स्टेशनर. लंडनमध्ये हस्तलिखितं लिहिणारे, त्यांवर चित्रं काढणारे, पुस्तकं बांधणारे आणि विकणारे यांनी १४०३ साली आपला संघ बांधला. १५५७ साली त्याला राजसनद मिळाली आणि तो स्टेशनर्स कंपनी म्हणून ओळखला गेला. इंग्लंडात काय छापायचं आणि कुणी छापायचं यावर या संघाची पुढं दीर्घकाळ पकड होती. तर स्टेशनर हा माणूस, आणि तो जे विकतो ती स्टेशनरी. माणसाच्या नावाला फक्त शेवटी वाय जोडला. स्टेशनरमध्ये शेवटी ई-आर आहे, म्हणून स्टेशनरीत ई-आर-वाय.

म्हणजे 'स्थिर' हा अर्थ आणि 'वह्या-पेनं' हा अर्थ एकाच मुळातून आले आहेत. म्हणूनच ते इतके सारखे दिसतात. आणि ते मूळ आपल्याला परकं नाही. लॅटिनमध्ये उभं राहणं या अर्थाचा जो धातू आहे तो संस्कृतच्या 'स्था' चा सख्खा भाऊबंद. स्थिर, स्थान, स्थानक, स्थावर हे सगळे आपले शब्द त्याच घरातले. एसटीच्या बस स्थानकावर उभं राहून समोरच्या दुकानावरची स्टेशनरी ही पाटी वाचणारा माणूस एकाच कुळातले दोन शब्द बघत असतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, आणि आजही कुणाला सांगताना होतो.

आता ही माणूस शोधायची युक्ती आपल्या बाजारपेठेत लावून बघा. बेकर, त्याची बेकरी. ग्रोसर, त्याची ग्रोसरी. ज्वेलर, त्याची ज्वेलरी, म्हणजे ब्रिटिश पद्धतीनं लिहिली तर. होजिअर, त्याची होजिअरी. आणि कटलर, म्हणजे चाकू-सुऱ्या बनवणारा कारागीर, त्याची कटलरी. आपल्याकडं कटलरीच्या दुकानात चाकू नसून बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी मिळतात ही गोष्ट वेगळी. पण 'कटलरी व स्टेशनरी' अशी जोडपाटी महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडते, आणि त्या पाटीतच उत्तर आहे. कटलरी लिहिताना सहसा कुणाचा ई चुकत नाही. तिच्या शेवटी जे आहे तेच शेजारणीच्या शेवटी लावायचं.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कुणीतरी फसेल. डिस्पेन्सरीत ए-आर-वाय आहे, जरी औषध देणाऱ्याला डिस्पेन्सर म्हणत असले तरी. लायब्ररीतही ए आहे, पण तिथं लायब्रर नावाचा माणूसच नाही, त्यामुळं नियम मोडत नाही.

मुलांसाठी मी आणखी सोपी वाट ठेवली आहे. दुकानातल्या फळीवर नजर फिरवा आणि वस्तूंची इंग्रजी नावं म्हणा: पेपर, रजिस्टर, फोल्डर, स्टेपलर, मार्कर, शार्पनर, इरेजर, स्टिकर, कव्हर. सगळ्यांच्या शेवटी ई-आर. तेच ई-आर स्टेशनरीत आहे. कॅलेंडर मात्र या रांगेत बसत नाही, त्याच्या शेवटी ए-आर आहे. आणि कॅल्क्युलेटरच्या शेवटी ओ-आर. एका चौथीतल्या मुलीला मी हे सांगितलं तर ती काउंटरवरच्या प्रत्येक वस्तूला हात लावत नावं म्हणत गेली. पुढच्या वेळी आली तेव्हा मी विचारायच्या आधीच तिनं ई म्हणून दाखवला.

ए-वाल्या शब्दासाठी आपली मराठीच पुरेशी आहे. स्थिर म्हणजे अचल. मोबाइलवर अचल लिहायला पहिली कळ कुठली दाबता? ए. झालं.

शंका आली तर मनात शब्द बदलून बघायचा. जिथं 'लेखनसामग्री' बसते तिथं ई, जिथं 'स्थिर' बसतं तिथं ए. ए-वाला शब्द विशेषण आहे, ई-वाला नाम आहे, हे व्याकरण बरोबरच आहे. पण 'स्टेशनरी शॉप' मध्ये ई-वाला शब्दही दुसऱ्या नामाच्या आधी येऊन बसतो आणि विशेषणासारखा वाटतो. म्हणून व्याकरणापेक्षा ही अदलाबदल जास्त भरवशाची.

सगळीकडं ई करून टाकू नका

ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. एका क्लासचे पेपर आमच्याकडं टाइप व्हायचे. बोर्डाची ती घटना नुकतीच झालेली, माझ्या डोक्यात ए म्हणजे चूक एवढंच बसलेलं. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरात मी फाइंड-रिप्लेसनं सगळे ए बदलून ई केले. पेपर मुलांच्या हातात गेल्यावर सरांचा फोन आला, "दादा, प्रश्न क्रमांक सात बघा." तिथं स्टेशनरी वेव्ह्ज होत्या. स्थिर तरंग. दोन टोकांना ताणलेली तार छेडली की तिच्यावर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, तारेचे काही बिंदू जागचे अजिबात हलत नाहीत, आणि लाट पुढं सरकताना दिसत नाही. तंबोऱ्याच्या तारेत हेच घडतं. तिथं ए-च हवा.

उपग्रहांचंही तसंच. जिओस्टेशनरी, म्हणजे भूस्थिर उपग्रह. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर तो पृथ्वीच्या फिरण्याच्याच गतीनं फिरतो, म्हणून जमिनीवरून बघणाऱ्याला एका जागी टांगल्यासारखा असतो. घराच्या गच्चीवरची टीव्हीची डिश एकदा दिशा लावली की पुन्हा फिरवावी लागत नाही ती याचमुळं. इथंही ए. जिममधली जागच्या जागी चालवायची सायकल, गणितात ज्या बिंदूला आलेखाचा चढ शून्य होतो तो बिंदू, सिग्नलला उभी गाडी, सगळीकडं ए. शाळा, क्लास आणि कॉलेजची कामं करणाऱ्यांनी 'रिप्लेस ऑल' हे बटण या शब्दासाठी कधीच वापरू नये. एकेक ठिकाण बघून बदलावं.

वर्डमध्ये ऑटोकरेक्टला सुटा शब्द देऊ नका. पूर्ण जोडी द्या: ए-वाली 'स्टेशनरी आयटम्स' टाइप झाली की ई-वाली यावी, ए-वाली 'स्टेशनरी शॉप' आली की ई-वाली यावी. फाइल मेनूत ऑप्शन्स, तिथं प्रूफिंग, तिथं ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. अशा चार-पाच जोड्या घातल्या की ऑफिसचं काम सुरक्षित होतं आणि फिजिक्सच्या लाटांना धक्का लागत नाही.

हिशेबात हीच चूक झाली तर

पाटीवरची चूक दिसते तरी. हिशेबातली चूक आतल्या आत पैसे विभागते. आमच्याकडं हिशेब लिहायला येणाऱ्या ताईंनी एकदा दाखवलं: टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये 'प्रिंटिंग अँड स्टेशनरी' नावाची दोन लेजर, म्हणजे खाती. एक ए-वालं, एक ई-वालं. आधीच्या माणसानं एक उघडलं, नंतरच्यानं शोधताना सापडलं नाही म्हणून दुसरं उघडलं. वर्षभराचा खर्च दोन ठिकाणी पडलेला. एक्सेलमध्येही असंच होतं, पिव्होट टेबलमध्ये एकाच खर्चाच्या दोन ओळी दिसतात आणि कुणाला वाटतं खर्च कमी झाला.

लेजर एकच असेल आणि चुकीचं असेल तर काम सोपं: अल्टरमध्ये जाऊन नाव बदला, जुन्या सगळ्या नोंदींत आपोआप बदलेल. दोन्ही असतील तर चुकीच्याचं नाव बदलता येत नाही, कारण त्या नावाचं लेजर आधीच आहे. मग चुकीच्या लेजरमधलं एकेक व्हाउचर उघडून त्यात बरोबर लेजर निवडायचं. सगळी व्हाउचरं हलली की रिकामं लेजर काढून टाकता येतं. व्हाउचर शिल्लक असेपर्यंत टॅली ते काढू देत नाही. हिशेब सीएकडं जाऊन पूर्ण झाले असतील तर त्यांना विचारल्याशिवाय मागच्या वर्षाला हात लावू नका.

दुकानाच्या नावातच चूक असेल

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. गुमास्ता लायसन्सवर, जीएसटीवर आणि बँकेच्या करंट खात्यावर नाव ए-वालंच नोंदलेलं असेल, तर बिलावर आणि चेकच्या व्यवहारात आपल्या मनानं ई करू नका. नोंदणीत जसं आहे तसंच तिथं लिहावं लागतं. आधी नोंदणीत दुरुस्ती करा, मग बँक, मग बिलबुक. पाटी मात्र लगेच नीट करता येते.

आणि पाटीचा विषय निघाला म्हणून: २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दुकानांवर देवनागरीतलं मराठी नाव ठळक असणं बंधनकारक आहे, आणि ते इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान असून चालत नाही. बोर्ड नव्यानं करायचाच असेल तर मी आता गिऱ्हाइकाला विचारतो, इंग्रजी ओळ खरंच हवी का? देवनागरीत स्टेशनरी एकाच पद्धतीनं लिहितात, चुकायला जागाच नाही. आणि 'लेखनसामग्री' हा शब्द पाटीवर किती देखणा दिसतो! राज्य शासनाच्या मुद्रण संचालनालयाच्या नावात तो आहे. तो शाळेजवळच्या दुकानावर का नसावा?

एवढ्यात कामात आलेले असेच इतर शब्द सांगतो, कारण त्यांतल्या काहींचा इलाज वेगळा आहे. कन्फेक्शनरीला हाच नियम लागतो, कन्फेक्शनर नावाचा माणूस आहे, म्हणून ई. दुधाची डेअरी आणि लिहायची डायरी यांत मात्र माणूस शोधून उपयोग नाही. तिथं ए आणि आय यांची अदलाबदल होते आणि कान मदत करतो, म्हणून मोठ्यानं वाचावं. डायरीत आधी 'डाय' ऐकू येतं, म्हणून डी नंतर आय. शाळेच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीखाली जो प्रिन्सिपल येतो त्याच्या शेवटी ए-एल. एल-ई वाला प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व.

झालेली चूक दुरुस्त करताना

फ्लेक्सवर त्याच रंगाचा व्हिनायलचा तुकडा लावून ई करता येतो, जवळून जोड दिसतो, रस्त्यावरून दिसत नाही. रबर स्टॅम्प दुरुस्त होत नाही, नवा करावा लागतो. बिलबुकं छापून झाली असतील तर ती संपवा आणि पुढच्या छपाईच्या मॅटरवर लाल पेनानं आजच खूण करून ठेवा, कारण सहा महिन्यांनी जुनं बिल दाखवून 'असंच छापा' म्हटलं जातं आणि चूक परत येते.

काकांच्या बोर्डावर ॲक्रिलिकचा ए काढला तेव्हा खाली डिंकाचे डाग होते, आणि दुसरीच एक अडचण समोर आली. ई हे अक्षर ए-पेक्षा अरुंद आहे. ए-च्या जागी नुसता ई लावला तर पुढं फट राहते आणि पाटी दात पडल्यासारखी दिसते. म्हणून आर आणि वाय हीसुद्धा काढून डावीकडं सरकवावी लागली, आणि मग सगळी ओळ मध्यावर आणण्यासाठी मागची अक्षरंही. एका अक्षरासाठी दोन तास शिडीवर गेले. काका खालून सांगत होते, थोडं उजवीकडं, अजून थोडं. नात दप्तर पाठीवर घेऊनच उभी होती. शेवटचा वाय बसल्यावर तिनं ती ओळ एकेक अक्षर करत मोठ्यानं वाचली आणि आठव्यावर थांबून म्हणाली, "हां, ई."